मल्लिकार्जुन फास्ट फूड

शिडीवर चढलेल्या पेंटरनं 'मल्लिकार्जुन लिंगायत खानावळ' यातले शेवटचे दोन शब्द पांढऱ्या रंगानं बुजवले, ब्रश डब्यात बुडवून ठेवला आणि खाली वाकून विचारलं, "नक्की ना, काकू? मागनं म्हणशीला, पुन्हा पहिल्यासारखं करून दे."

"लिही," अव्वा म्हणाली. "फास्ट फूड. ठळक लिही. दवाखान्याच्या फाटकातनं दिसलं पाहिजे."

पेंटरनं माझ्याकडं बघितलं. मी उंबऱ्यात उभी होते आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी घेऊन. आमच्या बोळात त्या शब्दाचा अर्थ कुणाला नीट माहीत असेल तर तो मला. आणि आमच्या चुलीवर भाकरी, झुणका, भरलं वांगं, आमटी-भात यापलीकडं काही होत नव्हतं.

पेंटरला बिचाऱ्याला वाटलं, पाटीची थोडी शोभा वाढवावी. शेजारी बर्गरचं चित्र काढू का, म्हणाला. कोल्हापुरात बघून आला होता. अव्वा म्हणाली, काढायचं तर भाकरीचं काढ. त्यावर तो म्हणाला, भाकरीचं काय काढायचं, नुसता गोल होईल, लोकांना वाटेल चंद्र काढलाय. समोरचा पानवाला मोठ्यानं हसला. अव्वा हसली नाही. तीन आठवडे झाले होते ती हसली नव्हती.

ही पाटी का लागली हे त्या दिवशी आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. तिसऱ्याला ते कळू नये म्हणून मी जीव तोडून प्रयत्न करत होते, आणि त्यालाच ते सांगायचं म्हणून अव्वा त्याची वाट बघत होती.

अव्वा म्हणजे माझी आई, महानंदा हारगे. बाबा मी सातवीत असताना गेले, तेव्हापासून खानावळ ती एकटी चालवायची. मिरज हे दवाखान्यांचं गाव. एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोरच्या बोळात आमचं घर, आणि पुढची लांब खोली म्हणजे खानावळ. जेवायला येणारे बहुतेक सगळे पेशंटचे नातेवाईक. कुणी जतचा, कुणी अथणीचा, कुणी थेट मालवणहून आलेला. डोळे तारवटलेले, खिशात औषधांच्या चिठ्ठ्या. अव्वाचं म्हणणं असं की या माणसांना दिवसातून एकदा तरी कुणीतरी बसवून जेवू घातलं पाहिजे, नाहीतर पेशंट उठायचा आणि हे आडवे व्हायचे.

म्हणून तिचे नियम होते आणि ते कडक होते. चपला बाहेर काढायच्या, पाय धुऊन आत यायचं. अठरा पाट होते. अठराही ताटं वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. पंगतीत आजाराचं नाव काढायचं नाही. आमच्यात अन्नाला प्रसाद म्हणतात. ताटात शीतसुद्धा ठेवायचं नाही, शेवटी ताटात पाणी घालायचं, ताट बोटांनी धुऊन ते पाणी प्यायचं आणि मगच उठायचं. इतर लोक सुरुवातीला बुजायचे, पण आठ दिवसांत तेही ताट धुऊन प्यायला लागायचे. आणि अव्वा आग्रह असा करायची की माणूस अर्धमेला व्हायचा. ताटावर हात आडवा धरला तर ती बोटांच्या फटीतून वाढायची.

सगळ्यांत मोठा नियम म्हणजे वाढलेल्या ताटावरून माणसाला उठवायचं नाही. मी दारात बसायची; कुणाचा निरोप आला तर मी तो तिथंच थांबवायचा. "घास हातात असताना निरोप सांगू नये," अव्वा म्हणायची. "बातमी काय पाच मिनिटांत शिळी होत न्हाई. माणूस उपाशी उठला की मातर उपाशीच ऱ्हातो." तिला तिच्या आईनं हेच शिकवलं होतं. जुन्या घरांतून ही रीतच होती. जेवण चालू असताना तार आली तर ती हात धुऊन होईपर्यंत कोनाड्यात पडून राहायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर दवाखान्याच्या फाटकाशेजारी एक गाडा लागला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, फास्ट फूड. माणसं चपला घालून, उभ्या उभ्या, कागदाच्या बशीत खात होती. अव्वानं दोन दिवस ते बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "सुगला, म्हणजे काय गं ते?"

मला विद्वत्ता दाखवायची संधी हवीच होती. कॉलेजच्या ग्रंथालयात जाडजूड इंग्रजी कोश होता, त्यातला अर्थ मी वहीत उतरवून आणला. लगेच तयार मिळणारं, वाट न बघता खाता येणारं जेवण. त्याखाली शब्दाचा वापर दाखवायला एक वाक्य दिलं होतं. तेही मी मराठी करून तिला वाचून दाखवलं : 'वाटेत आम्ही फास्ट फूड खाल्लं आणि वेळेवर पोचलो.'

अव्वा भाकरी थापता थापता थांबली. "कुठं निघाली हुती ती माणसं?"

"कोशातली माणसं आहेत, अव्वा. कुठं निघालेली नसतात."

"निघाल्याशिवाय वाटेत कशी खातील?"

अव्वानं भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि नाक मुरडलं. खाऊन पळायचं हे काय जेवण झालं, म्हणाली. उभ्यानं घोडं खातं.

केरबा चौगले आमच्याकडं आला तो डिसेंबरच्या सुरुवातीला. पन्हाळ्याखालच्या एका गावचा गुळव्या. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उकळत असतो, तो नेमका कोणत्या क्षणाला चुलाण्यावरून उतरवायचा हे ज्याला कळतं तो गुळव्या. जरा आधी उतरला तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर जळतो. गुऱ्हाळांचा ऐन हंगाम सोडून तो बायकोजवळ बसला होता. हौसाबाईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं होतं. माणूस उंच, पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी त्यानं बाकीची ताटं वाढून व्हायच्या आधीच घास उचलला, तेव्हा अव्वानं त्याला सगळ्यांदेखत थांबवलं. तो लाजला. पुढं मात्र तिच्या नियमांना त्याच्याइतका धरून राहणारा दुसरा कुणी नव्हता.

भिंतीकडचा चौथा पाट, दाराकडं तोंड, ही त्याची जागा ठरून गेली. दोन भाकऱ्या खायचा, भात कधीच नाही. अव्वानं किती आग्रह केला तरी नाही. "भात खाल्ला की डोळा लागतो, आक्का," तो म्हणायचा, "आन ती जागी असती." अव्वा त्याच्याबरोबर हौसाबाईसाठी पातळ आमटीचा डबा द्यायला लागली होती. बाराव्या दिवशी ताटावर बसता बसता तो म्हणाला, आज सकाळी हौसानं दुधात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली. पंगतीत आजाराचं नाव काढायचं नाही हा नियम मोडला होता, पण अव्वानं त्या दिवशी ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि त्याच्या झुणक्यावर तेलाची धार जरा जास्त धरली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारची पहिली पंगत निम्मी झाली होती. वॉर्डातली आया पायऱ्यांपाशी आली. घाईत होती, आत आली नाही. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सहा नंबर खाटेचा माणूस हितंच जेवतोय न्हवं? डॉक्टरांनी बोलवलंय. लगेच या म्हणावं." आणि तिला आणखी कुठं जायचं होतं, ती तशीच पुढं गेली.

मी चुलीपाशी जाऊन अव्वाला सांगितलं. अव्वानं केरबाच्या ताटाकडं बघितलं. चतकोर भाकरी उरली होती.

"तेवढी संपू दे," ती हळूच म्हणाली. "दोन मिनिटं. मग सांग."

मी त्याच्या पाटापासून चार हातांवर जाऊन उभी राहिले. त्यानं भाकरी संपवली. मी पुढं होणार, तोच तो मान खाली घालूनच म्हणाला, "आक्का, आज भात वाढा."

तेरा दिवसांत पहिल्यांदा त्यानं भात मागितला होता. अव्वानं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. पुढं काय ऐकायचं असेल ते असेल, त्याआधी पोटात दोन घास जाताहेत तर जाऊ देत, असं तिला वाटलं, हे तिनं मला नंतर सांगितलं. तिनं भात वाढला, आमटी वाढली. तो सावकाश जेवत होता. भात संपल्यावर त्यानं पुन्हा भात मागितला. मग ताक मागितलं. मग ताटात पाणी घातलं, एकेक शीत बोटानं गोळा केलं, ताट धुतलं आणि ते पाणी प्यायला. मल्लिकार्जुनाच्या तसबिरीखाली घड्याळ होतं. आया आल्यापासून अकरा मिनिटं झाली होती.

माझे पाय जमिनीला खिळले होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. पाय मोकळे होते, तोंडही होतं. अकरा मिनिटांत मी कधीही सांगू शकले असते. मी अव्वाचा नियम पाळत होते, आणि नियम पाळला की आपलं काम संपलं असं वाटण्याचं माझं ते वय होतं.

तो पाटावरून उठल्यावर मी निरोप सांगितला. त्यानं काही विचारलं नाही. ओल्या हातानं पायऱ्या उतरला आणि बोळातून पळत गेला, अनवाणी. त्याच्या चपला आमच्या दारात राहिल्या.

तो पोचायच्या आधीच हौसाबाई गेली होती. संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या बाईची बहीण जेवायला आली, तिनं सांगितलं. अचानक धाप लागली, डॉक्टर धावले. मध्ये थोडी शुद्धीवर होती. "आलं का ते?" म्हणून दोनदा विचारलं.

अव्वानं हातातली परात खाली ठेवली आणि मागच्या दारी जाऊन बसली. त्या संध्याकाळी आमच्याकडं दुसरी पंगत बसली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले, आपल्याला काय माहीत होतं असं काहीतरी म्हणाले.

"डॉक्टर बोलवतात ते काय चहाला बोलवतात?" ती म्हणाली. "माझ्या उंबऱ्यानं अडवलं त्याला."

केरबा परत आला नाही. गाडी करून तो बायकोला गावाकडं घेऊन गेला. चपला अव्वानं उचलून आतल्या कोनाड्यात ठेवल्या आणि रोज सकाळी ती त्या फडक्यानं पुसायची. मला ते बघवत नसे. पोस्टानं पाठवून देऊ, मी म्हटलं. नको, ती म्हणाली, तो न्यायला येईल तेव्हा त्याला सांगायचंय.

यावरून आमची भांडणं झाली, आयुष्यात झाली नव्हती तेवढी. त्याला काही माहीत नाही, मी म्हणायची. जेवून उठलो आणि निरोप आला, एवढंच तो समजून आहे. त्याला कळलं की आपण अकरा मिनिटं थांबलो, तर तो जन्मभर ती अकरा मिनिटं मोजत बसेल. तुझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून त्याच्या डोक्यावर द्यायचं का? अव्वा ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ते त्याचं हाय. माझ्याजवळ ऱ्हायलंय. चपलांसारखंच." आता वाटतं, मी त्याच्यासाठी भांडत होते त्यापेक्षा जास्त माझ्यासाठी. निरोप माझ्या कानात पडला होता. तो माझ्याकडं कसा बघेल याची मला भीती वाटत होती.

मग एके दुपारी, भांडी घासून झाल्यावर, अव्वा म्हणाली, "त्या वहीतलं वाक्य परत वाच."

"कुठलं?"

"वाटेत खाल्लं ते."

मी वही आणून वाचलं. वाटेत आम्ही फास्ट फूड खाल्लं आणि वेळेवर पोचलो.

"पोचली ती माणसं," अव्वा म्हणाली. घासलेली ताटं एकात एक घातली आणि पुन्हा म्हणाली, "वेळेवर पोचली."

दुसऱ्या दिवशी तिनं सुताराला बोलावलं. अठरा पाट माळ्यावर गेले. भिंतीला तिन्ही बाजूंनी छातीएवढ्या उंचीची फळी ठोकून घेतली, उभ्यानं खाता येईल अशी. चपला घालून आत यायला परवानगी. सकाळीच भाकऱ्या करून फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, आला माणूस की ताट हातात द्यायचं, कुणासाठी थांबायचं नाही. आणि निरोप आला तर मी थेट त्या माणसाच्या ताटापाशी जायचं, घास हातात असो की तोंडात. मग तिनं पेंटरला बोलावलं.

दुसरं कुठलंही नाव दे, मी तिला विनवलं. 'झटपट खानावळ' लिही. लोक हसतील, बर्गर मागतील. ती म्हणाली, हसू देत. "खानावळ म्हटलं की माणूस बसतो. पाटी वाचूनच कळलं पाहिजे की हितं कोण अडवत न्हाई. तूच न्हाई का वाचून दाखवलास अर्थ?"

लोक हसलेच. कॉलेजची पोरं यायची, बर्गर मागायची, अव्वा त्यांच्या हातात झुणका-भाकरी द्यायची. माझ्या वर्गातल्या मैत्रिणींना ही पाटी कळली तेव्हा दोन दिवस मी कॉलेजला गेले नाही. जुनी गिऱ्हाइकं हळहळली. पण खरी गोष्ट वेगळीच बिघडली होती, ती मला एकटीलाच दिसत होती. अव्वाचा आग्रह गेला. पाहिजे का, असं एकदा विचारायची; नको म्हटलं की पुढं जायची. तिच्या आवाजावाचून ती खोली मला ओळखू येईना.

पुढं मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तो शब्द पुस्तकात यायचा तेव्हा मुलांना मी कोशातलाच अर्थ सांगायची आणि वापर म्हणून तेच वाक्य फळ्यावर लिहायची. त्याच्यापेक्षा चांगलं वाक्य मला सापडलं नाही.

केरबा आला तो जानेवारी संपता संपता, दुपारच्याच वेळी. खांद्यावर पोत्यात गुंडाळलेली गुळाची लहान ढेप होती. पायांत दुसऱ्या चपला होत्या, अंगानं निम्मा झाला होता. मी त्याला बोळाच्या तोंडाशीच पाहिलं आणि आत जाऊन कोनाड्यातल्या चपला काढून आणल्या. अव्वा मागं धुणं वाळत घालत होती. तिला कळायच्या आत चपला द्याव्यात, गूळ घ्यावा आणि त्याला वाटेला लावावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्यानं चपला घेतल्या नाहीत. पाटीकडं बघत उभा राहिला. अक्षर अक्षर लावून वाचलं आणि मला विचारलं, "हे काय म्हनायचं, ताई?"

"लगेच मिळणारं जेवण," मी म्हटलं. "खाऊन लगेच जाता येतं."

"पाट कुठं गेलं?"

मी काही बोलायच्या आत मागून अव्वाचा आवाज आला, "माळ्यावर टाकले."

ती पदराला हात पुसत दारात आली. मी तिच्या दंडाला धरलं. तिनं माझा हात सोडवला, आणि पायरीवर उभं राहूनच, आडवळण न घेता त्याला सगळं सांगितलं. त्या दिवशी आया आली तेव्हा तुमच्या ताटात चतकोर भाकरी होती. लगेच बोलावलंय म्हणाली होती. पोरीनं मला सांगितलं, मी तिला थांबवलं. मग तुम्ही भात मागितला, मी वाढला. अकरा मिनिटं मी तुम्हाला अडवून ठेवलं. पोरीचा दोष नाही, नियम माझा होता.

केरबानं खांद्यावरची ढेप खाली उतरवली. तो ओरडेल, ढेप उचलून चालू लागेल, असं काही तरी मला वाटत होतं. तो पायरीच्या कडेला बसला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "मला म्हाईत हाय, आक्का."

अव्वाला कळलं नाही. "कुणी सांगितलं?"

"कोन सांगतंय. माझं तोंड दाराकडं हुतं. आया आलेली बघितली मी. आमच्याच वॉर्डातली. पोरीच्या कानाला लागली आन पोरीनं माझ्याकडं बघितलं. तवाच कळलं मला. तुमचा नेम मला म्हाईत हुता. ताटावर हाय तवर कोन काय सांगनार न्हाई. म्हनून भात मागितला. भात सरला, पुन्ना मागितला. ताट हुतं तवर हौसा हुती."

समोरच्या पानवाल्याचा रेडिओ चालू होता.

"काहील कवा उतरायची ते मला कळतंय," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत एक काहील जळू दिली न्हाई मी. त्या दिशी कळत असून बसून ऱ्हायलो. तुमी कुठं अडवलं मला, आक्का? मीच तुमच्या नेमाआड लपलो. तुमी मनाला लावून घेतलं असंल म्हनून सांगाय आलोय. चपलाचं निमित्त."

अव्वा त्याच्यामागं उंबऱ्यावरच बसली. मी तिला इतक्या वर्षांत उंबऱ्यावर बसलेली पाहिली नव्हती. उंबऱ्यावर बसू नये म्हणायची. दोघंही रडली नाहीत. मी मात्र आत जाऊन फळीवर डोकं टेकून रडले. दीड महिना त्यानं हे एकट्यानं वागवलं होतं आणि आम्ही आमच्या घरात, आणि दोन्हीकडं कुणाला कुणाचं ठाऊक नव्हतं.

काही वेळानं अव्वा उठली. जेवायचं आहे ना, एवढंच तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. माळ्यावरून एक पाट काढते, म्हणाली. तो म्हणाला, नको, उभ्यानंच जेवतो. त्यानं ताट घेतलं आणि फळीला दाराशेजारी उभा राहिला. त्याच्या शेजारी अथणीकडचे एक आजोबा जेवत होते, कानांनी जरा कमी. अव्वानं गुळाची ढेप फोडायला घेतली.

आजोबांची निम्मी भाकरी व्हायची होती तेवढ्यात आया दारात आली. तीच आया. आता ती हळू आवाजात सांगत नसे. "पंधरा नंबर खाट," आजोबांकडं बोट दाखवून म्हणाली, "लगेच बोलवलंय." आजोबांना ऐकू गेलं नाही. नव्या नियमाप्रमाणं मी निघाले, पण माझ्या आधी केरबानं आपलं ताट खाली ठेवलं आणि आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजोबा, तुमाला बोलवलंय. जावा."

आजोबांनी घास तोंडाकडं नेला होता. "एवढं खातो आन—"

"आधी जावा," केरबा म्हणाला. "ताट मी बघतो."

आजोबा घास हातात घेऊनच निघाले. केरबानं त्यांच्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं, त्यावर हात ठेवला आणि फाटकाकडं बघत उभा राहिला. स्वतःच्या ताटाला त्यानं हात लावला नाही. पाच मिनिटं झाली. दहा झाली. अव्वा चुलीपुढून उठून दारात आली. मीही आले. फळीवरची बाकीची माणसं काही न विचारता हळूहळू जेवत होती. पंधरा मिनिटं होऊन गेली आणि फाटकातून आजोबा बाहेर पडताना दिसले. सावकाश चालत होते, रस्त्यातल्या सायकलवाल्यावर ओरडत होते.

"कागदावर सही पायजे हुती," आत येता येता ते म्हणाले. "एवढ्यासाठी ताटावरनं उठवलं मला."

केरबानं उपडं ताट काढून त्यांचं ताट त्यांच्यापुढं सरकवलं. आजोबांनी भाकरीला बोट लावून बघितलं आणि कुरकुरले, गार झाली.

अव्वा चुलीकडं गेली. फडक्यात गुंडाळलेल्या सकाळच्या भाकऱ्यांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पीठ घेतलं, मळलं, थापलं. फुगलेली भाकरी तव्यावरून तशीच आणून आजोबांच्या ताटात टाकली. दुसरी केली, वर गुळाचा खडा ठेवला आणि केरबापाशी आली.

त्यानं ताटावर हात आडवा धरला. "बास झालं, आक्का."

"बास कशानं?" अव्वा म्हणाली. "घ्या. गरम हाय. गूळ तुमचाच हाय, माझं काय जातंय? अजून एक घ्या."

दीड महिन्यानं मी तो आवाज ऐकत होते. ती भाकरी धरून तशीच उभी राहिली, आणि शेवटी केरबानं ताटावरचा हात काढला.